निखिलची पंधरा इंची चाकं

११ फेब्रु.
निखिलचा मोबाइल अजून चार्ज करून ठेवते. आज वाजला. करोल बागेतला गुलाटी, गाड्यांच्या सामानाचं दुकान. "निखिलजी के अलॉय आ गए. गाड़ी कब ला रहे हैं?" अलॉयच्या चाकांची ऑर्डर पावसाळ्यात दिली होती म्हणे. ऑक्टोबरात डेंगू झाला आणि निखिल गेला, हे गुलाटीला कोण सांगणार. मी म्हटलं, शनिवारी आणते. फोन ठेवला.
सासूबाईंना सांगितलं. आई म्हणाल्या, "चाकं? चाकं आहेत की गाडीला."
खरंय.

१७ फेब्रु.
करोल बाग. गुलाटीने आधी विचारलं, "भाईसाहब नहीं आए?" सांगितलं. तो स्टुलावर बसला. मग, "मैडम, कैंसल कर देते हैं. कोई बात नहीं." माझ्या तोंडून निघालं, लगा दो. विचार असा काही केला नव्हता.
तेरा इंची काढली, पंधरा इंची बसवली. गाडी निखिलने गेल्या उन्हाळ्यातच खाली करून घेतली होती, छोट्या स्प्रिंगा टाकून. आता चाकावरची कमान आणि टायर यांच्यात बोटही जात नाही. दुकानातले दोघं बाहेर येऊन बघत उभे राहिले. छान दिसते म्हणाले. असेल.
पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर खर्र. गुलाटी: "नीची है ना मैडम, थोड़ा टच होगा."

१८ फेब्रु.
रविवार, म्हणजे लक्ष्मीबाई नगर. सासऱ्यांची नोकरी तिथल्या क्वार्टरमध्येच सरली, आईंच्या मैत्रिणी अजून तिथे आहेत. दर रविवारी निखिल न्यायचा. आता मी. आई मागेच बसतात, पूर्वीसारख्या. माझ्या शेजारची सीट रिकामी. त्यावर आम्ही बोलत नाही.
प्रत्येक खड्ड्याला मागून घासल्याचा आवाज. धौला कुआंच्या पुलावर जळका वास. आई म्हणाल्या, "कुकर बंद केला होतास ना गं?"
घरी येऊन पाहिलं. टायरच्या बाहेरच्या कडेला चकचकीत पट्टा, कमानीच्या आतला रंग गेलेला.

२२ फेब्रु.
ऑफिसमध्ये रेहानला विचारलं. तो कोंढव्याचा, निखिलचा मित्र, गाड्यांतलं कळतं. कँटीनच्या टिशूवर चित्र काढून दाखवलं. चाक मोठं झालं की टायरची भिंत कमी करायची, म्हणजे एकूण उंची तेवढीच राहते. ते गुलाटीने बरोबर केलंय. पण टायर रुंद आहे, बाहेर येतो, आणि गाडी खाली असल्यामुळे वजन पडलं की कमानीची कड त्यावर टेकते. पुढचं सोपं आहे, आतलं प्लास्टिक सरकवायचं. मागचं बघावं लागेल.
"वहिनी, जुनी चाकं परत लाव ना. कशाला त्रास?"
मी म्हटलं, नको. त्याने टिशू घडी करून मला दिला. डाळीचा डाग होता त्यावर.

२५ फेब्रु.
विनयचा फोन पुण्याहून. निखिलचा धाकटा भाऊ. "वहिनी, गाडी आहे तशी कोण घेणार? आधीसारखी करून विकून टाक." हो म्हटलं. "आणि आईला पाडव्यानंतर इकडे आणतो. तू एकटी, तुझी नोकरी, तुलाही ओझं." हो म्हटलं.
हल्ली सगळ्यांना हो म्हणते. लवकर संपतं.

३ मार्च
रेहान सोबत गॅरेजमध्ये आला. पुढचं झालं. आतलं प्लास्टिक गरम करून मागे ढकललं. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, आवाज नाही. मागच्या कमानीची आतली कड गरम हवा मारत, रोलरने हळूहळू दुमडली. घाई केली तर रंग तडकतो म्हणाले. एका जागी तडकलाच.
सोसायटीत परत येऊन रेहानने दोन गार्डना मागे बसवलं आणि स्पीड ब्रेकरवरून फेऱ्या मारल्या. गार्ड एकदम ताठ बसले होते, बारातीत निघाल्यासारखे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून हसल्या. मलाही हसू यायला हवं होतं.
अजून घासतंय. कमी, पण घासतंय.
रेहान: "मागे कोणी नसलं तर काहीच नाही. आईंना पुढे बसव ना यार."
नाही म्हटलं.
"का?"
ती निखिलच्या बायकोची जागा, आईंच्या दृष्टीने. मी चालवत असले तरी. एवढं सगळं रेहानला कुठे सांगू.

१० मार्च
मागच्या स्प्रिंगा बदलल्या, थोड्या उंच. मागचे टायर एक नंबर अरुंद घेतले. गाडी मागून किंचित वर दिसते. निखिलला अजिबात आवडलं नसतं.
हे लिहून थांबले जरा. काही वाटतंय का पाहिलं. नाही.

११ मार्च
ल. नगर. आईंना आयएनए मार्केटात जायचं होतं, कुलकर्णी काकू आणि थॉमस आंटीही आल्या. तिघी मागे. नारळ, भाज्या, थॉमस आंटींचे मासे. मी पूर्ण वेळ कान मागे लावून. तिघी काय बोलल्या एक अक्षर कळलं नाही. टायर घासला नाही. एकदाही नाही.
परतताना आम्ही दोघीच. महिपालपूरच्या जॅममध्ये आई म्हणाल्या, "विनयकडे जायचं ठरलंय, माहीत आहे ना तुला?"
"हो."
"तूच त्याला हो म्हणालीस म्हणे."
मी ब्रेकवरचा पाय उचलला, परत ठेवला.
"बरोबर आहे तुझं. वय आहे तुझं. मी कुठवर पुरणार." मग, "मला आधी विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं. एवढंच."
मी म्हटलं, "तुम्हाला हवं तसं करू, आई."
हे म्हणायचं नव्हतं. पण मागचा ट्रकवाला हॉर्न देत होता, गाडी पुढे घेतली.

१८ मार्च
विनय आला. गाडीभोवती फिरला, चाकांना पायाने ढोसलं. "दादा मला कधी चालवायला द्यायचा नाही." किल्ली दिली. बराच वेळ आला नाही. खाली पाहिलं तर गाडी परत जागेवर लागलेली आणि हा आतच बसलेला.
वर येऊन पाणी प्यायला. "वळणावर मस्त चिकटते गं." मग, "एवढ्यात नको विकूस."
आईंच्या बॅगा भरून झाल्यात. भाजणीचा डबा माझ्यासाठी ठेवलाय. शेल्फवर निखिलचा फोटो होता, तो कोणी न्यायचा यावर दोघीही बोललो नाही. अजून तिथेच आहे.

२१ मार्च
निजामुद्दीनहून दुपारची गाडी. आई पोळ्या करत होत्या, प्रवासाच्या. मी दारात उभी राहिले.
"आई, मी विनयला हो म्हटलं ते त्याचं नीट ऐकून म्हटलंच नव्हतं."
"म्हणजे?"
"म्हणजे सगळ्यांनाच म्हणत होते. भाजीवाल्यालाही."
आईंनी पोळी उलटली. "मग आता काय म्हणतेस?"
"जाऊ नका."
आवाज फार मोठा निघाला. विनय बाहेरच्या खोलीतून म्हणाला, काय झालं?
आईंनी गॅस बारीक केला. माझ्याकडे पाहिलं नाही. हात पुसले, पुन्हा पीठ घेतलं. म्हणाल्या, "तिकडून तो पोळपाट सरकव. आणि तू पण लाट जरा. माझ्या एकटीच्याने होणार नाहीत एवढ्या."
किती करायच्या, विचारलं नाही. लाटते आहे. मधेच हे लिहायला आले, हाताला पीठ आहे. विनयने बॅगा लिफ्टपाशी नेऊन ठेवल्यात. आई आतून म्हणतायत, "स्मिता, तवा तापलाय."