टोमॅटोच्या पानांवर साखर

१९ मे, सकाळी ७.१०
निवृत्त होऊन आज बरोबर एक महिना. आजपासून रोजनिशी. रोज एक पान. शिस्त म्हणजे शिस्त.

तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. आमच्याकडे साखर उसाची नाही, बिटाची; बिटाने भरलेले ट्रक मोजले. तेव्हा साखरेतलं मला जेवढं कळतं तेवढं या गल्लीत कुणाला कळत नाही. बागेतलंही कळतंच. फक्त आजवर वेळ नव्हता.

आज भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालच्या तारखेचं पान फाडलं तर मागे छापलेलं: एक लिटर पाण्यात एक चमचा साखर विरघळवून पानांवर फवारा, झाडं तरारतात. थेट माझ्या विषयातलं. फळ गोड हवं तर आत गोड काहीतरी जायला नको का? इतकं साधं कुणाला सुचत कसं नाही?

घरामागे टोमॅटोची चाळीस रोपं आहेत. लावली बायकोने, सायराकुलने, पण जागा मी दाखवली.

१९ मे, संध्याकाळी
रोजनिशीत दिवसातून दोनदा लिहिण्याची सवय लागते आहे. चांगली खूण.

व्याह्यांना फोन केला. म्हणजे होऊ घातलेल्या व्याह्यांना. ते शेरिपबेक, बीट संशोधन केंद्रात झाडांच्या रोगांचे तज्ज्ञ होते. पुस्तकी माणूस. सतरा ऑगस्टला सगळे आमच्याकडे येणार, विहीणबाई आमच्या मुलीच्या, नुरजानच्या कानात डूल घालणार, म्हणजे लग्न पक्कं. मी त्यांना सांगून टाकलं की त्या दिवशी टेबलावर टोमॅटो माझ्या बागेतले, इतके गोड की चहात घालाल. ते हसले. प्रभावित झाले असावेत.

२४ मे, दुपारी १२.३०
पहिला डोस. कॅलेंडरमध्ये चमचा कुठला ते लिहिलेलं नाही. मी वाढायचा डाव धरला. काच पुसायच्या फवाऱ्याच्या बाटलीतून चाळीसही झाडं न्हाऊ घातली. ऊन रणरणत होतं. उन्हात औषध चांगलं मुरतं.

सायराकुलचं म्हणणं पडलं की ते साखरेचं पोतं जॅमसाठी आहे, रास्पबेरी आणि जर्दाळू दोन्हींच्या. मी म्हटलं, अख्ख्या पोत्यातला एक डाव म्हणजे काय!

२५ मे ते १ जून
काही लिहिलं नाही. निरीक्षणात मग्न.

२ जून
रिझल्ट! पानं चकाकतायत. हात लावला की चिकटतो. कडांना तपकिरी किनार आलीय, जरीकाठासारखी.

कुंपणापलीकडून इसमार बघत होता. दुंगान जमातीचा माणूस, सगळी हयात भाजीपाल्यात गेली, पण नवीन काही शिकायची हौस नाही. मला मोठ्या भावासारखा मानतो, म्हणून 'बायके', म्हणजे थोरले दादा, म्हणतो. मी त्याला सगळं तत्त्व समजावलं आणि त्याच्याही झाडांना फुकट डोस द्यायची तयारी दाखवली. त्याने खुरप्याची माती झटकली. मग म्हणाला, "नको बायके. माझी झाडं चहा बिनसाखरेचा घेतात." आणि पुन्हा खुरपायला बसला. माणूस हळूहळू वळेल.

९ जून
मुंग्या आल्या. रांगेने, शिस्तीत. मुंगी खराब मालाकडे जात नाही. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठलं? डोस दुप्पट, तोही रोज.

२१ जून
पानांच्या खाली बारीक हिरवे जीव. असंख्य. मुंग्या त्यांची देखभाल करतात, गुरं राखावीत तशी. झाडावर छान घरगुती वातावरण आहे. इसमारने विचारलं की मावा कधीपासून पडलाय. मावा हा शब्द मला आवडला नाही.

आजपासून रोज पहाटे पाचला उठायचं.

२२ जून, सकाळी ९.४०
उद्यापासून.

४ जुलै
पोत्याचा तळ दिसू लागलाय. सायराकुलला उगाच धक्का नको म्हणून तळाशी बैठकीच्या खोलीतली उशी घातली आणि उरलेली साखर वरून पसरली. पोतं पूर्वीपेक्षा डौलदार दिसतंय. ही फसवणूक नाही. पीक आल्यावर ती स्वतःच म्हणेल की बरं केलंत.

१२ जुलै
रास्पबेरी जॅमचा दिवस. उशी सापडली.

सायराकुलने ती बाहेर काढली. उशी झटकली, दोरीवर वाळत घातली, आणि इसमारच्या बायकोकडून साखर घेऊन आली. दोघींचं जाणं-येणं वाढतंय. शेजारधर्माला चांगलं.

मला चहा बिनसाखरेचा. माझ्या तब्येतीची तिला केवढी काळजी!

१५ जुलै
अजून बिनसाखरेचा.

२८ जुलै
पानं काळी पडलीत. आधी जरा दचकलो. मग विचार केला: उत्तम जमीन काळी, उत्तम चहा काळा. मग पानानेच काय पाप केलंय?

सायराकुलच्या मते पानं साबणाच्या पाण्याने धुऊन काढायला हवीत. म्हणजे दोन महिन्यांची मेहनत धुऊन काढायची. नाही म्हणून सांगितलं. बाटली उचलली. तेव्हा कळलं की साखर आता ती कुलपात ठेवते. खडीसाखरेचा डबा मात्र उघडाच होता. विरघळायला वेळ लागतो, पण दर्जा वरचा.

१० ऑगस्ट
मोजणी. चाळीस झाडांवर अकरा टोमॅटो. दर्जा हवा असेल तर संख्या सोडावी लागते.

नुरजान शहरातून आली. मागे जाऊन बघून आली आणि बराच वेळ माझ्याशेजारी बसली. मग मला अतिशय हळुवारपणे विचारलं की पाहुण्यांना मागच्या बाजूला न्यायलाच हवं का. मुलगी लाजते आहे. साहजिक आहे. मी व्याह्यांसाठी बागेतच द्यायचं छोटंसं भाषण तयार करतोय. चाळीस मिनिटांचं.

१६ ऑगस्ट, सकाळी
टेबल अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली मांडायचं ठरलं. मांडवाची पानं धुळकट दिसत होती. उरलेली सगळी खडीसाखर विरघळवून मांडवावर मारली. आता आरशासारखी चमकतायत. बायकांना हे बारकावे सुचत नाहीत.

१७ ऑगस्ट, सकाळी ६
सगळं तयार. वर मांडवात गांधीलमाश्या जमू लागल्यात. वातावरणात चैतन्य आहे.

१८ ऑगस्ट
काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पाहुणे बसले. गांधीलमाश्याही बसल्या. जॅमवर, मधावर, व्याह्यांच्या टोपीवर. पहिला पेला रिकामा व्हायच्या आत विहीणबाईंच्या उजव्या अंगठ्याला डंख. अंगठा बघता बघता वांग्याएवढा. कुणी ओरडलं नाही, चांगल्या घरची माणसं. सायराकुलने मांडवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इसमारने कुंपणाच्या दोन फळ्या काढल्या, आणि सगळ्यांनी मिळून टेबल, ताटं, पाव, कढई त्याच्या अंगणात नेली.

मी मागे राहिलो. व्याही पण राहिले. बाग दाखवा म्हणाले.

मी नेलं. भाषण सुरू केलं. तीन मिनिटं झाली असतील. त्यांनी एक पान तोडलं, बोट ओलं केलं आणि पुसलं. बोटाला काजळी आली, खाली फिकट हिरवं निघालं. मग शांतपणे विचारलं, "व्याही, कारखान्यात कामाला जाताना घरून साखर न्यायचात का?"

मी म्हटलं, छे, कशाला नेईन? साखर तिथेच तर बनायची.

त्यांनी ते पान माझ्या तळहातावर ठेवलं. "इथेही तसंच आहे. पान हा कारखानाच. वरून ओतलेली साखर फक्त बाहेरच्यांनी खाल्ली."

मी पानाकडे बघत उभा राहिलो. तीस वर्षं काटा बघितला, असं वाटलं. कारखाना बघितलाच नाही.

त्यांनी मला दंडाला धरून इसमारच्या अंगणात नेलं. तिथे टेबलावर टोमॅटोंचे ढीग. लालबुंद. विहीणबाईंच्या धाकट्या बहिणीने विचारलं की हेच का ते चहात घालायचे टोमॅटो. मी तोंड उघडलं, पण इसमारच आधी म्हणाला, "हो, बायकेंच्या देखरेखीखालचे." व्याह्यांनी मान खाली घालून फोड तोंडात टाकली.

सुजल्या अंगठ्याने विहीणबाईंना डुलाची कडी धरता येईना. दोनदा डूल गवतात पडलं. शेवटी सायराकुलने त्यांचा हात धरला आणि दोघींनी मिळून नुरजानच्या कानात घातलं. सगळे हसले. नुरजान पण हसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गांधीलमाशी चावली असेल, असं मी ठरवलं. पण तिला चावली नव्हती.

१९ ऑगस्ट ते २० सप्टेंबर
काही लिहिलं नाही. निरीक्षण पण नव्हतं.

२१ सप्टेंबर
लग्न गेल्या रविवारी झालं. घर शांत आहे. व्याह्यांनी भाषणात माझ्या बागेचा विषय काढला नाही. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

आज टोमॅटोची झाडं उपटली. एकटाच होतो. मग सायराकुल आली, दुसऱ्या टोकापासून उपटू लागली आणि मधे आम्ही भेटलो. तिथेच वाफ्याच्या कडेला बसून चहा घेतला. मी तिला सांगितलं की पुढच्या वर्षीसाठी माझा विचार पक्का झालाय, बटाटे. बटाट्याला पानांवर काही मारावं लागत नाही. फक्त मातीत काय घालायचं एवढंच ठरवायचं, आणि त्यावर माझ्याकडे एक कल्पना आहे.

तिने कप खाली ठेवला.

"लावीन मी," म्हणाली. "तुम्ही जागाही दाखवू नका."