बर्फातली लस

१२ फेब्रुवारी २००४, गुरुवार. संध्याकाळ.

माझी लेक सायली, तिची काविळीवरची लस वाया गेली. काल कणकवलीहून आणून फ्रीजमध्ये ठेवली होती. आज दुपारी लाइट गेली आणि आईने ती मासळीच्या पेटीत, मीठ घातलेल्या बर्फात पुरली. ऑफिसातून आलो तेव्हा कुपीतलं औषध दगडासारखं गोठलेलं.

आई म्हणाली, "त्या फ्रीजाचो काय भरवसो? सुरमय बर्फातच ताजी रवता मा?"

मी बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, गोठलेली देऊ नका, तिचा उपयोग नाही.

आता विरघळली आहे. उजेडात धरून पाहिली, मला कालच्यासारखीच दिसते. सायलीची आई, सुमा, काविळीने गेली तेव्हा याच डॉक्टरांनी समजावलं होतं की लशीत रोगाचा जंतू नसतो, त्याच्या कवचातलं एक प्रथिन असतं, तेही यीस्टमध्ये बनवलेलं. जिवंत काही नाही. मग जे जिवंतच नव्हतं ते मेलं कसं? विचारायला हवं होतं. सुचलं नाही.

सुमाचा भाऊ मुंबईहून येईपर्यंत आईनेच तिला बर्फावर ठेवलं होतं. याच पेटीतला बर्फ, तिने स्वतःच्या हाताने रचलेला. म्हणून भावाला सुमाचं तोंड बघता आलं.

दुसरी लस उद्या आणेन, त्याचं काही नाही. पण आई आताच सायलीबद्दल विचारून गेली, "उद्या टोचतले मा रे चेडवाक?" मी हो म्हटलं. बर्फाने बिघडली, हे तिला कसं सांगू?

कुपी खिशात आहे. अजून गार लागते.