सात नंबरच्या बाटलीचा खुलासा

मी, शालिकराम वल्द नत्थुजी मेहरे, वय अदमासे सदुसष्ट वर्षे, जात माळी, धंदा बागाईत, राहणार मौजे नांदगाव पेठ, तालुका व जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून ठेवतो. माझे नाक, जीभ आणि डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. कोणाच्या धाकाने, भुलवण्याने किंवा गोड बोलण्याने मी हे करीत नाही. गोड बोलणाऱ्यांना मी आज सकाळीच अंगणातून घालवून दिले आहे. लिहिणारे अर्जनवीस रामराव अमरावतीहून आले आहेत. प्रत्येक कलम झाले की ते मला दोनदा वाचून दाखवतात, कारण एखादा शब्द हातून घसरला म्हणजे वावर भलत्याच्या नावावर कसे जाते, हे मी कचेरीत पाहिले आहे. रामरावांना याचा राग आला आहे. येऊ द्या.

कलम १. राहते कौलारू घर, अंगण व गोठ्यासह, माझी बायको गोदाबाई हिने हयातभर वापरावे. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. हे वाक्य या कागदात मी फक्त तिच्याबद्दल लिहीत आहे.

कलम २. संत्र्याची बाग, विहिरीसह, थोरला मुलगा किसन याला द्यावी. किसन कष्टाळू आहे. मात्र ज्या संध्याकाळी तो माझे पाय चेपायला बसतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी एखादा व्यापारी बागेत फिरताना दिसतो. हा योगायोग असेल. शेजारच्या पार्वताबाईने आपला बांध दरवर्षी बोटभर माझ्याकडे सरकवला आहे, तोही योगायोग असेल. किसनने दोन्हीकडे लक्ष ठेवावे, स्वतःकडेही.

कलम ३. माझी हत्यारे. कलमे बांधायचा चाकू किसनला. लहान तोंडाचा काचेचा पेला, पितळी तस्त आणि लाल कापडात गुंडाळलेली वही कोणाला द्यायची ते पुढे सांगतो. या वस्तू माळ्याच्या घरात कशा आल्या याबद्दल गावात नाही नाही ते बोलले गेले आहे, म्हणून खरे काय ते इथे लिहवतो.

अमरावती कॅम्पात गिलीस नावाचे स्कॉच साहेब होते. सरकी काढायच्या कारखान्यात इंजिनेर. मी त्यांच्या बंगल्यावर गुलाबाला जात असे. त्यांचा भाऊ व भावाचे दोस्त तिकडे त्यांच्या मुलखात दारूच्या लहान लहान भट्ट्या घालीत होते. जवाला मोड आणायचे, जमिनीतून काढलेल्या काळ्या मातीच्या विटा जाळून त्या धुरावर वाळवायचे आणि तांब्याच्या भांड्यातून दारू उतरवायची. एका भट्टीची दारू दुसरीत मिसळायची नाही, असा त्यांचा बाणा. ते नमुने साहेबाकडे पाठवीत. साहेब वासाचा मोठा जाणकार म्हणून तिकडे प्रसिद्ध होता. पण वीस वर्षे कापसाचा भुगा खाऊन त्याच्या नाकाची माती झाली होती, हे त्याने भावालाही कळवले नव्हते.

एकदा व्हरांड्यात झाडाला पाणी घालता घालता मी म्हणालो, "साहेब, या बाटलीत धूर आहे, त्यात नाही." साहेबाने झारी माझ्या हातातून काढून घेतली आणि मला खुर्चीवर बसवले.

त्या दिवसापासून सात वर्षे मी साहेबाचे नाक होतो. माझ्या गळ्यात चौदाव्या वर्षापासून तुळशीची माळ. माळ हातात धरून मी गोदाबाईला शब्द दिला होता की थेंब घशाखाली जाणार नाही. हुंगायचे, जिभेवर फिरवायचे, तस्तात थुंकायचे. एकदा ठसका लागून घोटभर आत गेली, तर मी अकरा दिवस अन्न सोडले होते. हे सारे गाव जाणते, तरी सारे गाव मला पिणारा समजत होते. माझ्या समोरून जाताना लोक वारा कुठून येतो ते बघत.

कलम ४. वही. हिच्यात तेवीस नमुन्यांची पारख माझ्या हातची आहे. उदाहरणादाखल: "नंबर ३. ओल्या गोवरीचा धूर, मागून बिब्याचे तेल. जिभेला आवडत नाही, नाक सोडत नाही." "नंबर ७. संत्र्याच्या सालीच्या आतला पांढरा पापुद्रा, जुन्या गुळाची ढेप, धूर लांबून, दुसऱ्याच्या वावरातून आल्यासारखा. सर्वांत उत्तम." "नंबर ११. भट्टी नवी आहे, तांबे अजून बोलते." साहेबाने पत्र घालून विचारले, तेव्हा ती भट्टी पेटून वर्षही झाले नव्हते. "नंबर १४ आणि नंबर २ एकच आहे. पाठवणाऱ्याने साहेबाची परीक्षा घेतली आहे." हेही खरे निघाले.

ही सारी पारख साहेबाने आपल्या नावाने तिकडे कळवली. तिकडून त्याला मानाचे पत्र आले, ते त्याने मला वाचूनही दाखवले. त्यात माझे नाव नव्हते. साहेबाला माझ्या मिळकतीतून काही देऊ नये. तो विलायतेला जाऊन वारला आहे असे म्हणतात. मी खात्री करून घेतलेली नाही.

कलम ५. जाताना साहेबाने मला नंबर सातच्या दोन मोठ्या बाटल्या दिल्या, लाखेने बंद केलेल्या. मला प्यायच्या नव्हत्या. पण तेवीस भट्ट्यांतून जी मी निवडली ती माझ्या घरात आहे, याचे मला फार समाधान होते. कोठीत त्या दगडी फडताळावर ठेवल्या आणि किल्ली करगोट्याला बांधली.

मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेली, त्यानंतरच्या संक्रांतीला मी बाटल्या पुसायला काढल्या. एकीची लाख नवी होती. बूच काढून हुंगले. निम्मी दारू, बाकी आमच्या विहिरीचे पाणी, त्यात चहाचा काढा, आणि तुळस. रंग जुळावा म्हणून चहा, हे कळले. तुळस कशाला, तर चोराने तोंडाचा वास मारायला पाने चघळली आणि तीच बोटे बाटलीला लागली, असे मी ठरवले. मग घरातल्या प्रत्येकाचे तोंड हुंगले. धाकटा मुलगा खुशालराव याच्या तोंडाला तुळशीचा वास आला. मी विचारले, "तूच ना?" तो म्हणाला, "व्हय. मीच."

मी त्याला त्याच दिवशी घराबाहेर काढले. चावडीसमोर दवंडी पिटवली की खुशाल शालिकराम मेहरे हा दारुडा व चोर आहे, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये. त्याची बाळापूरची जुळलेली सोयरीक त्या दवंडीने मोडली. पुढे त्याने अकोल्यात फुलांचे दुकान घातले, जमुना नावाच्या मुलीशी लग्न केले. मी गेलो नाही. त्याला घराबाहेर काढून बारा वर्षे झाली.

कलम ६. सबब खुशालराव याला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. ती बाटली चोरीचा पुरावा म्हणून जपून ठेवली आहे. त्याने कोर्टात दावा लावल्यास ती हाकिमांपुढे ठेवून हुंगवावी.

कलम ६ रद्द. कारण पुढीलप्रमाणे.

रामराव हे कलम दुसऱ्यांदा वाचत असता गोदाबाई दारातून आत आली. हातात डाळीचे सूप होते, ते तिने तसेच जमिनीवर ठेवले. ती जे बोलली ते रामरावांना जसेच्या तसे लिहायला मी सांगितले.

"थांबवा ते लेहनं. खुशालनं काई पेली नाई. ते दारू तुमच्या पोटात गेली."

मी म्हणालो, "कावून खोटं बोलून राहिली?"

"मानमोडीत तुमाले सुध नव्हती. हातपाय गार पडले होते. वैद म्हने ब्रांडी पाजा, नाई तं रात काढत नाई. गावात ब्रांडी कुठची? म्या तुमच्या करगोट्याची किल्ली सोडली. लाख माझ्याच्यानं फुटे ना, खुशालनं फोडली. त्यानं तुमचं डोकं मांडीवर घेतलं न् म्या चमच्यानं पाजली. तीन दिवस. दर चमच्यात तुळशीचं पान टाकलं, म्हटलं माळकऱ्याच्या तोंडात नुसती दारू कशी घालू? तुमी वाचले. मंग वाटीतली उरलीसुरली तुळशीसगट बाटलीत परत वतली, म्याच पानी न् चहा घातला न् लाख लावली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी अन्न सोडलं असतं. अकरा दिवस! उभं राहाची ताकद नव्हती तुमच्यात. खुशाल मले म्हने, माय, तू बोलू नको, मी म्हनतो मीच पेलो. म्या देवाची शपथ वाहिली त्याच्यापाशी. आज मोडली."

मी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. आईचे मन मुलासाठी काहीही रचू शकते. म्हणून मी तिला स्वयंपाकघरात बसवले, आणि त्या दिवसांत आमच्याकडे चूल पेटवायला येणाऱ्या तानुबाईला बोलावून वेगळे विचारले. तिने चमच्याचे, पानाचे, खुशालच्या मांडीचे, सारे न अडखळता सांगितले. मग मी कोठीतून बाटली आणवली आणि तळहातावर ओतून हुंगली. आमच्या अंगणातली काळी तुळस. बारा वर्षांनीही होती. नाकाने मला तेव्हाही खरेच सांगितले होते. खुशालच्या तोंडाला तुळशीचा वास होता आणि दारूचा नव्हता, एवढे साधे मला दिसले नाही, कारण मला चोर पाहिजे होता. खोकल्यासाठी त्या दिवसांत आई त्याला तुळस चघळायला देत होती.

मला फार लाज वाटली. आजही वाटते. हे वाक्य गाळू का, असे रामरावांनी विचारले. गाळू नये.

कलम १ मधले गोदाबाईबद्दलचे वाक्य बदलू का, असेही त्यांनी विचारले. तेही तसेच ठेवावे. तिने मला बारा वर्षे फसवले; नसते फसवले तर बाटलीचे खरे कळल्यावर मी उपाशी मेलो असतो.

कलम ७. लिहिणे थांबवून खुशालरावाला बोलावण्यासाठी मी किसनला अकोल्याला पाठवले. तो जाईल की बडनेऱ्याच्या स्टेशनावरूनच परत येऊन "आला नाही" म्हणेल, अशी मला शंका होती. ती खोटी ठरली, हेही नोंदवतो. आठव्या दिवशी खुशाल जमुनेसह आला. फाटकाशी थांबला, आत ये म्हटल्यावर आला. केस पांढरे व्हायला लागले आहेत. मी कलम ५ व ६ त्याच्यासमोर वाचून घेतले. मग विचारले, "तू मला खरं का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "बाबा, तुमी इचारलं कुठी? तुमी तं मायं तोंड हुंगलं."

"विचारलं होतं. तूच ना, म्हणालो होतो."

"तो का सवाल व्हय? तो तं निकाल होता."

रामरावांनी लेखणी खाली ठेवली होती, ती मी उचलायला सांगितली.

कलम ८. कलम २ बदलून संत्र्याची बाग दोघा भावांत निम्मी निम्मी, विहीर सामाईक. किसनने यावर "बरं" म्हटले. त्या "बरं"मागे काय आहे ते मी शोधणार नाही. पेला, तस्त, वही आणि न फोडलेली बाटली खुशालरावाला. फुलवाल्याला नाक लागते.

खुशाल म्हणाला, बागेचा वाटा घेतो, पण माळकऱ्याने दारू प्यायल्याचे कलम खोडा. "इतकी वर्सं जपलं ते आता कागदावर कावून मांडता? लोक तुमाले काय म्हनतीन?" मी नाकारले. लोक त्याला काय म्हणाले ते मी स्वतः म्हणवले होते.

कलम ९. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. कलम ५ पासून इथपर्यंतचा मजकूर मात्र तोवर थांबवू नये. येत्या बाजारच्या दिवशी चावडीसमोर दवंडी देऊन तो वाचावा. मी तिथे उभा राहीन. गुडघ्यांनी दगा दिल्यास खाट न्यावी. माळ मी काल काढून देवापुढे ठेवली आहे. ती पुन्हा घालायची की नाही ते ज्यांनी दिली त्या महाराजांच्या गादीवर विचारून ठरवीन. उपास करणार नाही, असे गोदाबाईला वचन दिले आहे.

कलम १०. माझ्या शेवटच्या वेळी तोंडात पाणी घालायचा मान थोरल्याचा असतो, तो किसनने धाकट्याला द्यावा. खुशालने माझे डोके मांडीवर घ्यावे आणि वाटीत त्याला योग्य वाटेल ते घालावे. काय आहे ते मी विचारणार नाही. वासही घेणार नाही.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, समजला, पटला. यापूर्वी मी कोणताही कागद केला असल्याचे कोणी म्हटल्यास तो खोटा समजावा.

मुक्काम नांदगाव पेठ, तारीख १९ माहे एप्रिल सन १९३१ इसवी.

सही: शालिकराम नत्थुजी मेहरे, दस्तुर खुद्द

साक्षीदार:
१. पंजाबराव उकंडराव कडू, राहणार परतवाडा, हल्ली मुक्काम नांदगाव पेठ. सही.
२. तानुबाई, राहणार नांदगाव पेठ. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. वाचून दाखवल्यावर म्हणाली, "व्हय, असंच झालं होतं."

लिहिणार: रामराव, अर्जनवीस, अमरावती. खाडाखोड एक ठिकाणी, कलम ६, ती लिहवणाराच्या हुकुमाने.