राखी उशिरा पोचेल

उधना, सुरत
राखीपौर्णिमा, १९९६

प्रिय हेमराज,

यंदा माझी राखी तुला उशिरा मिळेल. दरवर्षी आठवडाभर आधी टाकते, या वेळी मुद्दाम थांबले. उगाच पोस्टमनवर रागावू नकोस.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या हर्षदाचं आणि माझ्या योगराजचं वैशाखात उरकून टाकू, म्हणतोस. सातवी झाली, आता आत्याच्या घरी भाकरी थापायला शिकू दे, म्हणून उन्हाळ्यात तूच तिला माझ्याकडे सोडून गेलास. भाकरी तिला अजून येत नाही, तव्यावर पडायच्या आधीच फाटते. पण रोज दोन वेण्या घालून ती आठवीच्या वर्गात जाते. होय, जूनमध्येच नाव घातलं मी. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मग भावाचं ऐकलं नाही असं झालं असतं.

पोरीच्या जातीला एवढं शिकून काय करायचं, असं तू लिहिलंस. मला चौथीतून काढलं तेव्हा आप्पाही हेच म्हणाले होते. आई शेतात जायची, तुला कडेवर घ्यायला कुणीतरी हवं होतं. तुझा त्यात काय दोष, तू तर नुसता रडायचास. पण पंधराव्या वर्षी लग्न होऊन इथे आले आणि पहिलं बाळ गेलं, तेव्हा कोणत्या दुखण्याला दवाखाना गाठायचा एवढंही मला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही, आणि मी जाऊ देणार नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाया अशाच आहेत. दिवसभर साड्यांचे धागे कापतात आणि पगाराला अंगठा उठवतात. प्लेगच्या साली शेजारच्या पुष्पाबाईनं गोळ्यांचं पाकीट देवाजवळ ठेवून दिलं, कारण कशा द्यायच्या ते पुन्हा विचारायची तिला लाज वाटली. तिची पोरगी मयुरी तापानं फणफणलेली, आणि औषधाला हळदकुंकू. मयुरी वाचली ती नशिबानं. यंदा तिलाही घरी बसवणार होते, तर तुझी हर्षदा त्यांच्या दारात ठाण मांडून बसली आणि तिला शाळेत घेऊनच उठली.

हर्षदाच्या बारशाला तिला पाळण्यातून उचलून मी म्हणाले होते, "हाई पोर मनी शे." माझी म्हणून मी तिला मागितलं, आणि सगळ्या भाऊबंदांसमोर तू मान डोलावलीस. आत्यानं मागितलेली मुलगी आपल्यात दुसरं कुणी मागत नाही. त्याच शब्दावर तू वैशाखाचा बेत केलास. मग मीही त्याच शब्दावर उभी आहे. मुलगी माझी, तेव्हा तिचं काय करायचं ते मी ठरवणार.

योगराजला विचारलं, तर म्हणाला, जिचा शेंबूड मी पुसला तिच्याशी कसलं लग्न. आज सकाळी गल्लीला चहाला बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत हर्षदानं त्याला राखी बांधली. ओवाळणीला त्यानं कंपासपेटी दिली. आता ते बहीणभाऊ झाले. ही बातमी घेऊनच तुझी राखी निघायला हवी होती, म्हणून उशीर. आणि गावात दुसरं स्थळ बघत बसू नकोस. कुणी दारात आलंच तर सांग, मुलगी आत्याला दिलेली आहे. तो शब्द मी परत केलेला नाही.

तुझीच,
कमलअक्का