बीपी मात्र खरं होतं

प्रिय हिमानी,

तुझा फोन लागत नाही, लागला तं तू उचलत नाही, म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुले माहीत आहे. चौथीतच शाळा सुटली, मेसच्या फळ्यावर भाजीचं नाव लिहिलं की तुम्ही पोरी खिदळत होत्या. आताही हसायचं तं हास, पण पुरतं वाच. मधातच फेकून देऊ नको.

परवा कोराडी रोडले गेली होती. आपल्या नर्सिंग कॉलेजच्या मेसमध्ये माझा भात शिजवायचा मोठा गंज राहून गेला आहे, तो आणावा म्हटलं. कुलूप आहे तसंच. खिडकीतून पाह्यलं तं ओट्यावर पॉवरहाऊसची राख बोटभर बसली आहे. बाहेरचा बोर्ड मात्र कोणी काढला नाही. त्याच्यावरची टोपीवाली नर्स अजून दात काढून हसून राहिली आहे. चीड आली, परत फिरली.

तुमच्या परीक्षेच्या कामासाठी नर्सिंगच्या सरकारी ऑफिसातही जाऊन आली. तू सांगितलं नव्हतं, पण गेली. तिथला बाबू म्हणे, मावशी, तुमची मुलगी आहे का? मी हो म्हटलं, उगाच कोण समजावत बसते. म्हणे कॉलेजची मान्यता गेली, आता तुमच्या मुलीची परीक्षा कोण घेईल? दुसऱ्या कॉलेजात पाठवायचं ठरलं तं वरून कागद येईल. कधी येईल विचारलं तं पंख्याकडे पाहत बसला. तेव्हाच समजली मी. जो येणार असते त्या कागदाबद्दल माणूस पंख्याकडे पाहत नाही. खोटी आशा लावायची मले सवय नाही वं, म्हणून जसं आहे तसं लिहिते.

तुझ्या वर्गातली सोनिका वर्ध्याले गेली, पुन्हा पहिल्या वर्षापासून बसली. तिच्या बापाची ऐपत आहे. जाताना भेटली तं म्हणे, हिमानीनं आमची दोन वर्षं खाल्ली. मी म्हटलं, बाई, पपईले सुई टोचली आणि इंजेक्शन शिकलो म्हणून सह्या केल्या ना तुम्ही, तेव्हाच गेली तुमची वर्षं. तोंड वाकडं करून निघून गेली. माझी जीभ अशीच आहे, काय करू.

तुलेही तसंच वाटते ना, की तू सगळ्यांचं बुडवलं? तं ऐक. मान्यतेच्या तपासणीच्या दिवशी तपासणीवाल्यांले दाखवाले खाटांवर पेशंट नव्हते. कॉलेजचं हॉस्पिटल नावापुरतं. कॉलेजवाल्या सुमंत सरांनी सकाळीच सगळ्यांले झोपवलं. झाडूवाली, धोबीण, ट्रकवाल्यांच्या बायका. मले म्हणे, कांताबाई, तुम्हाले टायफॉइड आहे. मी म्हटलं, सर, कुकर गॅसवर आहे. ऐकते कोण? हाताले पट्टी चिकटवली, सलाइनची नळी नुसतीच पट्टीखाली खोचली. चौकीदार रविंद्रच्या पायाले प्लास्टर गुंडाळलं होतं, आणि तपासणीवाल्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला तसा तो मेला सवयीनं उठून गेट उघडाले पळाला! तुमच्या शिकवणाऱ्या मॅडमनं कॉलर धरून वापस झोपवला. पांघरुणाखाली हसून हसून माझं पोट दुखलं.

मग तू आली. तुले फक्त बाजूले उभं राहून टायफॉइड म्हणायचं होतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदा खाटेवरचं जितं माणूस हाताले लागलं होतं तुले, तू कशाले सोडते. बीपीचा पट्टा बांधला, फुगवला, कान लावला. पुन्हा बांधला. मग दुसऱ्या हाताले. माझं हसू तिथंच थांबलं, कारण तुझा चेहराच बदलला. मी हळूच चिमटा काढला, म्हटलं टायफॉइड म्हण आणि मोकळी हो. तपासणीवाल्या बाई जवळ आल्या, पेशंटले काय झालं विचारलं, आणि तू म्हणाली, मॅडम, ही आमची मेसवाली मावशी आहे, पण बीपी खरं आहे, हिले आत्ताच्या आत्ता डॉक्टर पाहिजे. तिथंच सगळं सोंग उघडं पडलं, मान्यता गेली. मी तुले मनात काय काय शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं पाह्यलं तं तो म्हणे, अजून थोडं थांबल्या असत्या तं अर्धं अंग गेलं असतं. आता रोज गोळी खाते. महाल भागात एका डबेवालीकडं पोळ्या लाटते. उभी राहून लाटते, दोन्ही हातांनी. एवढंच. तुझी नर्सिंग एका माणसाच्या कामी आली, ते माणूस मी. तुझ्या नुकसानीपुढं हे काहीच नाही, ते मले समजते.

आता पत्र काहून लिहिलं ते सांगते. काल तुझे बाबा, महादेवराव, महालात भेटले. तुझ्या ड्रेससाठी पांढरा कपडा घेत होते. हातावर पेढा ठेवला, म्हणे आमची हिमानी कळमेश्वरच्या खासगी दवाखान्यात सिस्टर लागली, बाळंतपणंही करणार आहे. तो पेढा मी हातातच चुरला. तू बाळंतपण एक तरी पाह्यलं का वं? तिथं खाटेवर मेसवाली मावशी नसणार, कोणाची तरी खरीच लेक कळा देत असणार. जाऊ नको, हेच सांगाले आली होती मी या कागदावर. पण मग काय कर, ते मले सांगता येत नाही. कालपासून विचार करून राहिली, दुसरा रस्ता सुचत नाही. पहिल्या वर्षापासून बसवाले बाबांजवळ काही नाही, माझ्याजवळ तं नाहीच. कागद येणार नाही. आणि तू घरी किती दिवस तोंड लपवून बसशील? जाशीलच तू, मले माहीत आहे. तं एवढंच कर. तो पांढरा कपडा घातल्यावर एखादी बाई दुखण्यानं तुझा हात पकडून सिस्टर म्हणेल, तेव्हा त्या दिवशी बोलली तशीच बोल. म्हण, मी सिस्टर नाही, शिकत होती, राहून गेलं. हिले दुसरीकडं न्या.

हाकलतील तुले. हाकललं की महालात ये. पोळ्या लाटाले मले दोन हात कमीच पडतात.

जिच्यासाठी तू खरं बोलली ती, तुझीच
कांतामावशी