हाताचा गुण

माय, तू मला चाईचं औषध लावायचीस ते दिवस आठवले की अजून मान खाली जाते. सहावीत होते मी. डोक्याच्या मागं रुपयाएवढा केसांचा पुंजका गळून पडला, मग त्याच्या शेजारी दुसरा. ऐन धानाच्या रोवण्यात काम टाकून तू मला आपल्या करडीहून भंडाऱ्याला नेलंस. डॉक्टर म्हणाले, हे पोटात घ्यायचं औषध नाही, कातडीतूनच आत गेलं पाहिजे. सकाळी बोटानं जिरवा आणि दुपारपर्यंत पाणी लावू नका. परतीच्या एसटीत तू ते पुटपुटत पाठ केलंस.

रोज सकाळी चुलीपुढं तू मला गुडघ्यांत धरून बसवतेस, थेंब टाकतेस, चोळतेस. चिखलानं भेगाळलेल्या तुझ्या बोटांना ते झोंबतं. तू बोटांवर फुंकर मारतेस, पुन्हा चोळतेस. "हालू नोको पोरी, जिरू दे." आणि मी काय करायची? त्या औषधाला उग्र वास होता. बाकावरची पोरगी नाक धरून म्हणायची, "सरका, दवाखाना आला." म्हणून शाळेच्या वाटेवरच्या बोडीच्या पाण्यात रुमाल भिजवायचा आणि औषध खसाखसा पुसून काढायचं. एक दिवस नाही, माय, तीन महिने.

एकदा तू चाईवर हात फिरवत म्हणालीस, "काहून येऊन नाही राहिले केस?" मी म्हटलं, "मले काय माहीत?" तू स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिलीस. "माह्या हाताले गुणच नाही," म्हणालीस, आणि शिशी शेजारच्या काकूच्या हाती दिलीस. काकूला सकाळी सवड नसायची, ती संध्याकाळी लावायची. संध्याकाळी शाळा नव्हती, पुसायचं कारणही नव्हतं. संक्रांतीपर्यंत बारीक काळी लव आली आणि गावभर काकूच्या हाताचा गुण झाला. तूच सांगत फिरलीस, आनंदानं. मला लाज वाटत होती, पण बोलायची छाती झाली नाही.

पुढं माझी मुलगी झाली. तिला तेल लावायला तू कढईत तेल कोमट केलंस आणि काकूला हाक मारलीस. मी म्हटलं, "तूच लाव नं." "नाही बाई, माह्या हाताले गुण नाही." तू दाराशी बसून नुसतं बघत राहिलीस. नातीच्या अंगाला तुझा हात कधी लागलाच नाही. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. दोन वर्षांनी तू गेलीस.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायची हिंमत झाली. काकू आहे अजून, थकली आहे. मागे गावातल्या एका लग्नात तिनं माझी वेणी धरून सगळ्यांना दाखवली. "हे केस माह्या हातानं आले." माझी मुलगी शेजारीच उभी होती. मी हो म्हटलं.