बऱ्याच बाबतींत उणी

सोल,
२ नोव्हेंबर १९८६

ती. मामांस,
जिनोकचा सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. रागावला असाल तर आत्ताच रागावून घ्या, कारण पुढे तुमच्याकडे एक काम आहे.

मी अमेरिकेला अर्ज करायचं ठरवलंय. अर्थशास्त्रात पुढचं शिकायचं, अगदी शेवटच्या पदवीपर्यंत. त्यासाठीच्या दोन्ही परीक्षा झाल्या, मार्कही बरे आलेत. आईनं आधी अबोला धरला, मग करार केला. या वर्षी जमलं तर जा, नाही जमलं तर मावशीनं आणलेल्या त्या औषध-दुकानवाल्याच्या मुलाबरोबर चहाला बसायचं आणि पुन्हा अमेरिकेचं नाव काढायचं नाही. मी कबूल केलंय. त्यामुळे जे काही आहे ते या वर्षीच.

अर्जासोबत आपण का शिकतोय यावर दोन पानं लिहायची असतात. मी मन लावून लिहिली. सुरुवातीला शरद ऋतू, गिंको झाडांची पिवळी पानं, मग माझं अपुरं ज्ञान, मग आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमा. खोलीतली मैत्रीण मियाँग, जिचा भाऊ तिकडेच शिकतो, वाचून म्हणाली की हा अर्ज नाही, माफीनामा आहे. आता सगळं फाडून परत बसलेय.

तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. दोघांची मिळाली. तिसरं जोन्जूच्या प्योन सरांचं हवं, कारण माझा प्रबंध त्यांनीच करून घेतला आणि मला खरं ओळखणारे तेवढेच. तुम्ही आणि ते एका बाकावर बसायचात असं आई म्हणते. पण तुमच्या तोंडून त्यांचं नाव मी कधी ऐकलं नाही. एक शब्द टाकाल का?

मामींना नमस्कार. तुमचा लोभ मी गृहीत धरते, तेवढा हक्क राहू द्या.

तुमची,
जिनोक


गुनसान,
९ नोव्हेंबर १९८६

चि. जिनोक हिस,
मामाचे अ. आ.

रागावलो होतो, पण तुझ्या माफीनाम्याचं वाचून इतका हसलो की तुझी मामी स्वयंपाकघरातून बघायला आली. काल तुझ्या आईकडे वर्षाची किमची घातली. कोबी चोळता चोळता तिनं मला चिकार ऐकवलं. पोरीच्या डोक्यात हे खूळ मीच भरलं म्हणते. भरलं असेन. मी कॉमर्स शाळेत पोरांना अबॅकसच्या मण्यांवर हिशेब शिकवणारा मास्तर, माझ्याकडे भरायला दुसरं काय होतं?

पानं गिंकोची नकोत. तुझा प्रबंध कशावर होता? सुगीत सगळे स्वस्तात तांदूळ विकतात आणि वसंतात तोच महागात घेतात, हे माहीत असून का करतात, यावर ना? मग तेच लिही. तुझ्या आईला विचार, घरातला तांदूळ संपायचा आणि शेतातलं जव अजून हिरवं असायचं ते दिवस कसे जायचे. पाइनची साल उकळून खाल्लीय आम्ही. तुझी आई पायलीभर तांदूळ दिसला की अजून कोपऱ्यात लपवते. हे त्या अमेरिकन लोकांना कुठून कळणार?

प्योनचं विचारलंस म्हणून सांगतो. सत्तावन्न साली मी आणि दोकचे प्योन, दोघांनीही अमेरिकेचा अर्ज केला होता. जागा एक. मिशनच्या दवाखान्याच्या माडीवर एक टाइपरायटर होता, तो मला येत असे म्हणून दोघांचेही कागद मीच टाइप केले. बोटं गारठायची म्हणून हातात मोजे, तेही पायातले, पुढून कापलेले. 'ई'चं बटण अडकायचं, ते दोकचे शेजारी बसून दर वेळी नखानं वर काढायचा. इतके हसायचो आम्ही की नर्स ओरडायची. त्या हिवाळ्याइतका आनंदात मी नंतर क्वचितच होतो.

आमच्या सोक गुरुजींनी दोघांना शिफारसपत्रं दिली. तीही मीच टाइप केली. दोकचेबद्दल लिहिलं होतं, या प्रांताचं रत्न. माझ्याबद्दल जे होतं ते राहू दे. तो गेला, मी राहिलो. गुरुजींना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं, माझी तक्रार नाही. तू सरळ त्याच्याकडे जा, माझ्या शब्दाची गरज नाही. माणूस चांगला आहे.

खाण्याकडे लक्ष दे. खोलीत कोळशाची शेगडी असेल तर खिडकी जरा उघडी ठेव. आशीर्वाद नेहमीचाच, मोजून घेऊ नकोस.

तुझा,
मामा


सोल,
२८ नोव्हेंबर १९८६

ती. मामा,
सा. न.

हे पत्र आईला दाखवू नका.

जोन्जूला जाऊन आले. प्योन सरांनी स्वतः जिनसेंगचा चहा केला, पेअर कापून दिला, तुमची तब्येत विचारली. टायपिस्ट बाई रजेवर होत्या म्हणून हातानं लिहिलेलं शिफारसपत्र माझ्याच हाती दिलं आणि शेजारच्या खोलीत टाइप करून आण म्हणाले. मी खुशीत यंत्रासमोर बसले.

मामा, त्यात लिहिलं होतं, ही मुलगी बऱ्याच बाबतींत उणी आहे. तिच्या चुका सुधारून तिला पदरात घ्यावे ही नम्र विनंती. प्रबंधाचं नाव, वर्ष आणि सही. बाकी काही नाही. मी ते एकही चूक न करता टाइप केलं, सरांची सही घेतली, वाकून नमस्कार केला आणि बसमध्ये सोलपर्यंत रडत आले. शेजारच्या आजीबाईंनी मला उकडलेलं रताळं दिलं, त्यानं आणखीच रडू आलं.

मियाँग म्हणते, असलं पत्र पाठवण्यापेक्षा तिकिटाचे पैसे वाचव. दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. त्यांना मी अशी वाटत होते तर सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाचं पत्र आता मिळणार नाही, अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला पोचायला हवा. चहाला बसायला मावशीनं माझ्यासाठी हानबोक, आपला सणासुदीचा पोशाख, शिवायला टाकलाय म्हणे. मी काय करू?

तुमच्या धीराची वाट पाहणारी,
जिनोक


गुनसान,
३ डिसेंबर १९८६

श्री. दोकचे प्योन यांस,
बांग ग्युनसिकचा स. न. वि. वि.

लग्नकार्यात आपण भेटतो, हवापाण्याचं बोलतो आणि घरी जातो. आज हवापाण्याचं लिहीत नाही.

जिनोक माझी भाची. तिला तू जे लिहून दिलंस ते मला कळलं. बऱ्याच बाबतींत उणी, पदरात घ्यावे. दोकचे, हे शब्द तुला कुठे मिळाले ते मला माहीत आहे. सोक गुरुजींनी माझ्याबद्दल हेच लिहिलं होतं. मी ते टाइप करत होतो आणि तू शेजारी बसून अडकलेलं बटण वर काढत होतास. उणा या शब्दाशी तुझं नख थांबलं होतं, तेही मला आठवतं.

ते वाक्य मी आयुष्यभर उराशी घेऊन फिरलो. वर्गात फळ्याकडे तोंड असलं की आठवायचं. ज्यांना मी बापासारखं मानलं त्यांना मी उणा दिसलो, मग असेनच, म्हणून पुन्हा अर्ज केला नाही. माझं झालं ते झालं. पण पोरीच्या गळ्यात तीच धोंड का बांधतोस? तिची लायकी नसेल तर तिला तोंडावर सांग. असेल तर दुसरं पत्र लिही.

राग आला तर येऊ दे. स्नेह उरला असेल तर उत्तर लवकर दे.

बांग ग्युनसिक


जोन्जू,
८ डिसेंबर १९८६

ग्युनसिक,

नमस्कार-चमत्कार राहू दे. गाढवा, इतकी वर्षं तू हे मनात धरून बसला होतास?

मी काय लिहायला हवं होतं? बायको फार गुणी, पोरगा फार हुशार असं चारचौघांत सांगत सुटणाऱ्याला आपल्याकडे पालबुलचुल म्हणतात, बिनडोकांतला बिनडोक. जिनोक माझ्या घरातली आहे. माझ्या बायकोनं तिला जेवू घातलंय, माझ्या पोरांचे कान तिनं धरलेत. तिच्याबद्दल लिहायला बसलो आणि हातानं आपसूक तेच लिहिलं जे आपण आपल्या पोरांबद्दल लिहितो. सहा वर्षं अमेरिकेत राहिलेला मी. तिथे उणी म्हटलं की उणीच समजतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी लिहिलं. तुझं पत्र आलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला.

आता गुरुजींचं ऐक. तू त्यांच्याकडे जेवायचास. तुझे मोजे गुरुजींच्या बायकोनं रफू केलेले असायचे. मी नदीपलीकडून येणारा, महिन्याच्या महिन्याला फी देणारा मुलगा. माझं कौतुक त्यांनी केलं ते पाहुण्याच्या पोराचं करतात तसं. रत्न म्हणे. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन जेवलो नाही. तुला ते उणा म्हणाले आणि मला नाही म्हणाले, याचंच मला वाईट वाटलं होतं. उणा शब्दाशी माझं नख थांबलं ते त्यामुळे. मला वाटायचं, तुला हे कळतंय आणि तू मनातून माझी कीव करतोस, म्हणून मी लांब राहिलो.

तुझी जागा मी घेतली, हे खरंच आहे. त्याला आता इलाज नाही. पत्राला आहे. शनिवारी ये, येताना तुमच्याकडची सुकी बाकदे मासळी आण. मला एकट्याला पोरीची स्तुती लिहिता येत नाही, लाज वाटते. दोघं पालबुलचुल मिळून लिहू. टाइप तू कर. नवं यंत्र आहे, बटण अडकत नाही.

काय उरलंसुरलं ते भेटीत बोलू.

दोकचे


सोल,
२७ मार्च १९८७

ती. मामा,
सा. न. वि. वि.

मिळालं. जागा मिळाली, शिष्यवृत्तीही मिळाली. घरमालकीणबाईंनी पाकीट हातात दिलं तेव्हा माझा एक पाय बुटात आणि एक बाहेर होता, तशीच अंगणात खाली बसले. आईला फोन केला, तिनं पहिलं हेच विचारलं की तिकडे तांदूळ मिळतो का. शिवलेला हानबोक मी निघताना घालणार आहे.

विभागप्रमुखांनी लिहिलंय की माझं जवाचं पान त्यांनी दोनदा वाचलं आणि प्योन सरांचं पत्र फार जिव्हाळ्याचं होतं. त्या पत्रात काय लिहिलंत दोघांनी? सर सांगत नाहीत, नुसते खाकरतात.

आशीर्वाद लवकर पाठवा, ऑगस्टमध्ये निघायचंय.

तुमची,
जिनोक


गुनसान,
७ एप्रिल १९८७

चि. जिनोक हिस,
मामाचे अ. आ.

पत्रात काय लिहिलं ते विचारू नकोस. मासळी संपली, दारू संपली, आणि दोन प्रौढ माणसं तुझं कौतुक एकमेकांना वाचून दाखवत कान लाल करून बसली होती. ते पुन्हा आठवायचं धाडस माझ्यात नाही.

काल हानशिक होता, थडग्यांवर जायचा सण. दोकचे आणि मी गुरुजींच्या थडग्यावर गेलो. इतकी वर्षं मी तिथे जायचो, गवत काढायचो आणि वर न बघता परत यायचो. काल पेला ओतला आणि बसलो. टेकडीवर अझेलिया फुललेत, खाली समुद्राला ओहोटी होती. मी गुरुजींना म्हटलं की मला वाचता आलं नाही, चूक माझी. मग रडलो, चांगला मोठ्यानं. दोकचेनं पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, उणा तो उणाच राहिला. इतकं बरं मला कुणाच्या बोलण्यानं वाटलं नव्हतं.

मग तुझी बातमी सांगायची होती. पोरीनं नाव काढलं असं काहीतरी बोलायचं आम्ही वाटेत ठरवलं होतं. पण थडग्यासमोर वाकलो आणि दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, गुरुजी, आमची मुलगी बऱ्याच बाबतींत उणी आहे, सांभाळून घ्या.

तिकडे लोक तुला हुशार म्हणतील. म्हणू देत, त्यांना तू परकी आहेस. आशीर्वाद आहेतच. उणीच राहा.

तुझा,
मामा